इंदूरहून बीएएसएलपीला अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि मूळ रहिवासाचा प्रश्न

बारावी सायन्सनंतर फिजिओथेरपी, नर्सिंग सगळ्यांना ठाऊक असतं. वाचा आणि श्रवण यांची पदवी, म्हणजे बीएएसएलपी, फार थोड्यांना सुचते. तोतरेपणा, पक्षाघातानंतर गेलेली वाचा, उशिरा बोलणारी मुलं, श्रवणयंत्रं, कॉक्लियर इम्प्लांट (कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) झाल्यानंतरची थेरपी हे सगळं त्यात येतं. आपल्या इंदूरसारख्या ठिकाणी घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी मुलं तपासायला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणणाऱ्या मुलाच्या उच्चारात दोष असेलच असं नाही, कारण त्याच्या कानावर दिवसभर पडणाऱ्या हिंदीत ळ नाही. म्हणून आपल्या मुलांनी या शिक्षणाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून चार वर्षांचा आहे आणि तो भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, अखत्यारीत येतो. परिषदेच्या नियमानुसार बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि तिसरा विषय बायोलॉजी, गणित, कॉम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा सायकॉलॉजी यांपैकी एक हवा. गुण किमान 50 टक्के. राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. थोडक्यात, इंदूरच्या भंवरकुआं भागात पीसीएमचं (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) कोचिंग केलेल्या मुलांनाही ही वाट मोकळी आहे.

महाराष्ट्रात मात्र बीएएसएलपीचे प्रवेश सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश कक्ष, नीटच्या गुणांवर करतो आणि नीटला बायोलॉजी लागतंच. शिवाय राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल आणि दहावी-बारावी तिथूनच झालेली असावी लागते. पुण्याला आत्या आहे, आडनाव मराठी आहे, मातृभाषा मराठी आहे, याने काही होत नाही. मातृभाषेची सवलत आहे ती कर्नाटक सीमाभागातल्या मुलांना, माळव्यातल्या नाही. तेव्हा मध्य प्रदेशातली कॉलेजं आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था यांच्याकडे आधी पाहा. 1965 पासून चालत आलेल्या म्हैसूरच्या संस्थेची प्रवेश परीक्षा देशभरातल्या मुलांना खुली असते.

फॉर्म भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव शोधा. मान्यता ठरावीक सत्रांपुरती असते, म्हणून तुमचं वर्ष त्यात बसतं का ते बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, चारित्र्य प्रमाणपत्र, फोटो, आधार हे नेहमीचंच. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र.

खरी अडचण येते ती नावाची. आपल्याकडे आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहिलेलं असतं आणि मार्कशीटवर पुष्कळदा नुसतं नाव-आडनाव. पडताळणीच्या टेबलावर हाच फरक नडतो, म्हणून निकालाची वाट न पाहता आधी तो दुरुस्त करून घ्या.

मूळ निवासी, उत्पन्न आणि जातीचे दाखले लोकसेवा केंद्रातून मिळतात. राज्याच्या आरक्षणासाठी महाराष्ट्रातून काढलेला जातीचा दाखला इथे चालत नाही. मध्य प्रदेशात एससी-एसटीसाठी 1950 चा आणि ओबीसीसाठी 1984 चा कुटुंबाचा रहिवास दाखवावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, घराची जुनी रजिस्ट्री असं काही घरात असेल तर आत्ताच शोधून ठेवा. आयत्या वेळी ट्रंका उपसण्यात मुदत निघून जाते. एखादी जात महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत असते आणि मध्य प्रदेशच्या नसते, तेही पाहून घ्या. म्हैसूरसारख्या केंद्रीय संस्थेसाठी ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं.

पदवी आणि इंटर्नशिप झाली की आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालायचं. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास 1992 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद आहे, त्यामुळे पालकांनीही आपल्या मुलासाठी थेरपिस्ट निवडताना हा नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नये.