बटाट्याच्या सॅलडची शाकाहारी मुळे

मेयोनीजमधल्या अंड्याला पर्याय शोधला, की बटाट्याचे सॅलड शाकाहारी झाले, असे अनेक पाककृती धरून चालतात. प्रत्यक्षात अंडे आणि मांस या पदार्थात नंतर शिरले.

अँडीज पर्वतातला बटाटा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. जॉन जेरार्ड यांच्या १५९७ च्या इंग्रजी वनस्पतिग्रंथात तो निखाऱ्यात भाजून, किंवा उकडून तेल, व्हिनेगर आणि मिरपुडीबरोबर खाण्याची नोंद आहे. मेयोनीज तेव्हा जन्मायचे होते. पुढे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ मध्ये बटाटा लावण्याचा हुकूम काढला, आणि जर्मन प्रदेशांत बटाटा रोजच्या जेवणात रुळला. दक्षिण जर्मनीत सॅलडच्या तेल-व्हिनेगरला मांसाच्या गरम रश्शाची जोड मिळाली; उत्तरेकडे मेयोनीज आले. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी हा पदार्थ अमेरिकेत नेला. तिथे गरम सॅलडमध्ये डुकराच्या मांसाची चरबी पडू लागली, आणि विसाव्या शतकात बाटलीबंद मेयोनीज स्वस्त झाल्यावर थंड, पांढरे सॅलडच घरोघरी पोचले.

उन्हाळ्यासाठी आम्हाला दक्षिण जर्मन पद्धतच सरस वाटते. मांसाच्या रश्शाऐवजी भाज्यांचा रस्सा घातला, तर तिचे काहीही बिघडत नाही, कारण रश्शाचे मुख्य काम बटाट्यात मुरणे हे आहे. १ किलो बटाटे घ्या, पण पिठूळ नकोत. शिजल्यावर आकार धरून ठेवणारे, कमी पिष्टाचे हवेत. ते सालासकट गार पाण्यात ठेवून मंद आचेवर शिजवा. लिटरला १० ग्रॅम मीठ पुरते. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर फुटतो आणि आत कच्चे राहते. मध्यम बटाट्याला उकळी आल्यावर साधारण २० मिनिटे लागतात. सुरी सहज आत जायला हवी.

गरम असतानाच सोलून अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्यांवर १५० मिली गरम रस्सा, ३ मोठे चमचे व्हिनेगर, १ लहान चमचा मोहरीचे मस्टर्ड, बारीक चिरलेला कांदा आणि दीड लहान चमचा मीठ एकत्र करून ओता. रस्सा खारट असेल तर मीठ कमी करा. १५ मिनिटे थांबा, मगच ४ मोठे चमचे तेल घाला. हा क्रम चुकला की सॅलड फसते: तेल आधी पडले तर चकत्यांवर त्याचा थर बसतो, आंबटपणा आत जात नाही आणि तळाशी पाणी साठते. बटाटे पूर्ण गार झाल्यावर रस्सा ओतला तरी तो नीट मुरत नाही, कारण निवताना आतले पिष्ट घट्ट होते.

मलईदार सॅलडच हवे असेल, तर अंड्याशिवायही मेयोनीज जमते. १०० मिली गार दुधात २०० मिली तेल बारीक धारेने घालत ब्लेंडर फिरवा. दुधातली प्रथिने तेल धरून ठेवतात. दाट झाल्यावरच १ मोठा चमचा लिंबूरस घाला. तो आधी घातला तर दूध फाटते.

उन्हाळ्यात सॅलड बिघडले की दोष मेयोनीजला दिला जातो. बाजारातले मेयोनीज आम्ल असल्याने त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. शिजलेला बटाटा मात्र ओलसर आणि जवळजवळ आम्लहीन असतो, त्यामुळे धोका तिथे जास्त. तयार सॅलड फ्रिजबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर १ तासापेक्षा जास्त नाही. भांडे उथळ घ्या. खोल भांड्यात मधला भाग बराच वेळ कोमट राहतो.