बोरूच्या मोळ्यांवर तरलेलं आरमार

काठोकाठ पाणी भरलेली होडी बुडायला हवी. कोसॅक या लढवय्या लोकांची ‘चाइका’ नावाची होडी मात्र तशा अवस्थेतही तरंगत राहायची. तिच्या दोन्ही अंगांना, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिंपाएवढ्या जाड बोरूच्या मोळ्या झाडाच्या सालीच्या दोऱ्यांनी करकचून बांधलेल्या असत. बोरू आतून पोकळ, आणि पेरापेराला बंद. एक पेर फुटलं तरी शेजारच्या पेरातली हवा जागची हलत नाही. अशी हजारो हवाबंद नळकांडी होडीला कवटाळून असल्यावर लाटेने आत पाणी टाकलं तरी ती पृष्ठभाग सोडत नसे.

आज ज्याला आपण युक्रेन म्हणतो, तिथल्या नीपर नदीच्या खालच्या भागात, खडकाळ धबधब्यांच्या पलीकडे, झापोरोझियन कोसॅकांची वस्ती होती. गियोम द बोप्लान हा फ्रेंच अभियंता 1630च्या सुमारास पोलंडच्या नोकरीत तिथे गेला आणि त्याने ही होडी बारकाईने पाहिली. त्याचं वर्णन 1651 साली छापून आलं. विलो किंवा लिंडेनचं सुमारे 45 फुटी खोड कोरून तळ करायचा आणि त्यावर फळ्या चढवत होडी 60 फुटांपर्यंत न्यायची. तळाला कणा (टोकापासून टोकापर्यंतची मुख्य तुळई) नाही, त्यामुळे उथळ पाणीही चाले. साठ माणसं मिळून पंधरा दिवसांत एक होडी उभी करत.

मला सगळ्यात आवडते ती सुकाणूची युक्ती. एवढी लांब होडी वळवायला वेळ लागतो, आणि तोफेच्या माऱ्यात वेळ नसतो. म्हणून दोन्ही टोकांना एकेक सुकाणू. माघार घ्यायची तर होडी वळवायचीच नाही, माणसांनी उलट्या दिशेने वल्ही मारायची.

पाण्याबाहेर ही होडी जेमतेम अडीच फूट दिसे, आणि इथे पृथ्वीचा गोलावा मदतीला येतो. डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला साधारण 3.6 ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तुर्की गॅलीची (वल्ह्यांनी आणि शिडांनी चालणाऱ्या युद्धनौकेची) डोलकाठी 16 मीटर धरली, तर होडीत बसलेल्या माणसाला तिचं टोक सुमारे 18 किलोमीटरवरून दिसेल. गॅलीच्या डेकवर उभ्या माणसाला मात्र होडीचा काठ दिसायला अंतर 10 किलोमीटरच्या आत यावं लागेल. डोलकाठीवर चढलेल्या टेहळ्याला ती आधी दिसू शकते, पण लाटांमधली ती काळपट रेघ ओळखणं सोपं नाही. मधल्या आठ किलोमीटरांत कोसॅकांचं सगळं ठरे. गॅली पूर्वेला आणि मावळता सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी जागा घ्यायची, सूर्य मावळेपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि मध्यरात्री वल्ही मारत जाऊन एकदम चढायचं.

नदीच्या मुखाशी ओचाकीवला तुर्की गॅली टपलेल्या असत. म्हणून अमावास्येच्या आसपासची काळोखी रात्र गाठून ते काळ्या समुद्रात शिरत. बरोबर सुके पाव आणि आंबिलीसारखी आंबूस धान्याची पेज. दारू घेऊन येणाऱ्याला थेट पाण्यात फेकत. बोप्लान म्हणतो, अनातोलियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा, किनारा 36 ते 40 तासांत येई. मी हिशेब करून पाहिला: निदान 500 किलोमीटर, म्हणजे तासाला साडेबारा ते चौदा किलोमीटर. नुसत्या वल्ह्यांवर इतका वेळ हा वेग टिकणं कठीण. वारा अनुकूल आणि शीड उभारलेलं असेल तेव्हाचाच हा आकडा असणार.

1614 साली त्यांनी अनातोलियाच्या किनाऱ्यावरचं सिनोप शहर जाळलं. 1616 साली क्रिमियातल्या काफा या गुलामांच्या मोठ्या बाजारपेठेवर हल्ला करून कैदी सोडवले. 1624 साली तर ते बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत शिरले आणि तुर्की राजधानी इस्तंबूलजवळचं येनिकॉय पेटवलं. क्रिमियाचे तातार त्यांच्या मुलखातून माणसं पकडून विकत, ही त्यांची दुखरी बाजू खरीच. पण सिनोपमध्ये राख झाली ती साध्या दुकानदार-कोळ्यांच्या घरांची. हेही तितकंच खरं, आणि ते गाळून शौर्य सांगणं मला पटत नाही.

दिवसाउजेडी मोकळ्या समुद्रात मात्र ही होडी दुबळी. 1625 साली काराहारमानजवळ, आजच्या रोमानियाच्या किनाऱ्यावर, वारा पडलेला असताना कोसॅकांनी तुर्की जहाजांना घेरलं. जहाजं जागीच अडकली होती. मग वारा सुटला, शिडं फुगली, आणि लढाई फिरली.

परतताना नदीचं मुख अडवलेलं असलं, तर होड्या पाण्याबाहेर काढून एकेकीला दोनतीनशे माणसांनी जमिनीवरून ओढत न्यायचं आणि पहाऱ्याच्या पलीकडे पुन्हा नदीत सोडायचं. तळाला कणा नसल्याने हे काम थोडं सोपं होत असावं.

या आरमाराची गोदी म्हणजे नीपरकाठची पाणथळ राई. बोरू आणि विलो तिथेच वाढत. 1950च्या दशकात काखोव्का धरणाच्या जलाशयाने ती बुडवली. जून 2023 मध्ये धरण फुटलं, खाली घरं-शेतं वाहून गेली, माणसं मेली, आणि वर जलाशयाचा तळ उघडा पडला. काही महिन्यांतच त्या चिखलातून विलोची रोपं दाटीवाटीने वर आली. आता तिथे माणसाच्या डोक्यावर जाणारं विलोचं रान उभं आहे.