नांदणे (मराठवाडा)

लग्न झालेल्या लेकीने सासरी राहणे, तिथली कामे अंगावर घेणे आणि तिथेच टिकणे, याला नांदणे म्हणतात. या क्रियापदाचा मूळ अर्थ सुखाने वास करणे एवढाच. देव नांदतो, लक्ष्मी नांदते, आणि लग्नात ‘नांदा सौख्यभरे’ म्हणतात तेही वधूवर दोघांना. रोजच्या बोलण्यात मात्र हा शब्द बाईच्या वाट्याला आला. ‘पोरगी नांदायला गेली’, ‘नांदत नाही’, ‘नांदवून घेत नाहीत’ अशी वाक्ये तिच्याबद्दलच निघतात. पुरुष आपल्या घरी नुसता राहतो. तो नांदतो असे कुणी म्हटलेच तर ते घरजावयाला, आणि तेही चेष्टेने. पुढील वर्णन मुख्यतः निजामी अमलाचा शेवटचा काळ आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते तेव्हाच्या मराठवाड्याचे आहे.

लग्न आणि नांदणे या तेव्हा दोन वेगळ्या घटना होत्या. लग्न लहानपणी लागे. मुलगी पुन्हा आईपाशी येई आणि न्हाण आल्यावर तिला नांदायला धाडत. बालविवाहाला मनाई करणारा १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, हैदराबाद संस्थानातल्या गावांना तो लागू नव्हता. मामाच्या घरी किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल अनेक जातींत होती, त्यामुळे सासू ही खरोखरच बापाची बहीण असू शके. सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामा’ किंवा ‘मामंजी’ म्हणण्याची पद्धत याच सोयरिकीची खूण आहे. नाते नसलेल्या घरांतही ती चालली. हाक गोड असली म्हणून वागणूक गोड असेच असे नाही, आणि सख्ख्या आत्याचा जाच सांगायचा तरी कुणाला, हा पेच वेगळाच.

घर बहुधा माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. पुढे ढाळज, तिथे पुरुषांची ऊठबस. सुनेने ढाळजेतून जायचे ते पदर सावरून, खाली बघत. दिवस जात्यावर सुरू होई. रोज पहाटे दळायचे कारण ज्वारीतच होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना काठ चिरतात आणि चिरलेली भाकरी ताटात पडली की बोल लागतो तो सुनेला. म्हणून चार दिवसांचे पीठ एकदम करून ठेवण्याची सोय नव्हती. दळण झाले की आडावरचे पाणी, शेण काढणे, गोवऱ्या थापणे, सारवण, भाकऱ्या, मग शेतात खुरपायला किंवा कापूस वेचायला. जेवायला सगळ्यांच्या मागून बसायचे. भाकरी उरे, कालवण उरेलच असे नाही.

जात्याची एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. दळायला बहुधा दोघी बसत, सासू आणि सून किंवा जावा जावा. खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात, एकीने घास टाकायचा. ओव्या याच वेळी म्हणत, आणि त्यांत माय, भाऊ, माहेरची वाट हे विषय सर्रास येत. म्हणजे जिच्यासमोर दिवसभर तोंड उघडता येत नाही, तिच्याच हाताला हात लावून सून आपल्या आईचे गुण गाई. ओवीला उत्तर देता येत नाही, दिलेच तर ओवीतच. या सवलतीचे मोल बायकांना पुरते ठाऊक होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्याही ओव्या आहेत. जात्यावर जनाबाईचे नाव निघते. ती गोदाकाठच्या गंगाखेडची. सासरी नव्हे, पण लहानपणीच घर सोडून नामदेवांच्या घरी कामाला गेलेली. दळताना विठ्ठल तिच्या मदतीला येई ही कथा इथल्या बायकांना आपलीच वाटली तर नवल नाही.

आईची भेट हा सगळ्यांत अवघड मामला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न, काही घरांत तर पाणीही, आईबापांनी घ्यायचे नाही असा रिवाज होता. त्यामुळे आई येत नसे, आणि लेकीला एकटीने जाता येत नसे. मध्ये उरे तो सांगावा. सांगावा म्हणजे तोंडी निरोप. तो बाजारकरी नेई, वारकरी नेई, सोयरिकीतला कुणी नेई, आणि कासार नेई. कासार गावोगाव फिरणारा. बांगड्या भरताना सुनेचा हात त्याच्या हातात असे, ओसरीवर बायकाच असत, आणि ‘अमक्या गावाला गेलात तर माझ्या मायला सांगा, बरी हाय’ एवढे बोलायला उसंत मिळे. बरी नसली तरी निरोप हाच. आई तो ऐकून कासारालाच विचारी की हात भरला होता की वाळला होता. त्याला मापावरून खरे माहीत असे.

टपालाचा उपयोग कमी होता. संस्थानात सरकारी शिक्षण मुख्यतः उर्दूतून, आणि बायकांपर्यंत तर कुठलीच लिपी पोचलेली नव्हती. पत्र लिहिणारा दुसराच आणि वाचणाराही दुसराच, तेव्हा कार्डावर खुशालीपलीकडे काही लिहवत नसे. त्यापेक्षा जत्रा बरी. माळेगावचा खंडोबा, येरमाळ्याची येडाई, तुळजापूर, पैठणची नाथषष्ठी या ठिकाणी देवाच्या निमित्ताने मायलेकी भेटत.

माहेरी न्यायला येणारा तो मुराळी. तो बहुधा भाऊ असे, नसल्यास बाप किंवा चुलता. नव्या सुनेला आखाडात नेत, मग पंचमीला, आणि जमल्यास दिवाळीला. पहिल्या बाळंतपणाला माहेर ठरलेलेच. मुराळी आला म्हणजे पाठवतीलच असे नव्हते. ‘खुरपण उरकू द्या’ म्हणून त्याला हात हलवत परत धाडत, आणि तो वळून जाताना सून गोठ्यात शेण भरत असे. पाठवलेच तर दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जुंपली जाई. गावाची शीव, ओढा किंवा म्हसोबा ओलांडला की डोक्यावरचा पदर खांद्यावर येई. परतीच्या वाटेवर तिथेच तो पुन्हा वर जाई. परतताना दुरडीत कानवले, धपाटे, चटणी असे. ती शिदोरी सासू गल्लीत वाटे आणि वाटतानाच तिचे मोजमाप होई.

सोलापूर, बार्शी किंवा नगरकडे दिलेल्या मुलींच्या वाटेत संस्थानची हद्द होती. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आईने दिलेले लुगड्याचे गाठोडेही उघडून दाखवायची वेळ येई. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धामधुमीत हाच रस्ता उलटा झाला. हद्दीपलीकडे दिलेल्या लेकीच्या आसऱ्याला माहेरच आले.

सगळ्याच जणींचे नांदणे एका साच्यातले नव्हते. मोठ्या वाड्यातल्या सुनेला उंबरा बंद, तर मजुरी करणारीला निदान बांधावर बोलायला मोकळीक. पुढे बीडकडची जोडपी ऊसतोडीला कोयता घेऊन जाऊ लागली, तेव्हा दिवाळी फडावरच होऊ लागली आणि भाऊबीज राहून गेली.

नांदणे जमले नाही तर वाटा थोड्या होत्या. माघारी आलेली लेक भावजयीच्या राज्यात राही. तिच्या चोळीबांगडीसाठी बाप कधी जमिनीचा एखादा तुकडा काढून ठेवी. छळ असह्य झालेल्या कितीकींनी आड जवळ केला, आणि गाव त्याला पाय घसरला म्हणे. १९५६ च्या कायद्याने लेकीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला. पण हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून पंचमीचा मुराळी राखणाऱ्याच बहुसंख्य. त्यांना भोळ्या म्हणणारे चुकतात. एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला जाण्याजोगे एकमेव घर, असा तो सरळ हिशेब होता.

पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीची वेळही गेली. डांबरी सडक आणि एसटी आल्यावर मुराळ्याचे काम सुटले. लेक मूल काखेत घेऊन एकटी माहेरी येऊ लागली. शीव गाडीच्या वेगात कळत नसे. सासरचा फाटा जवळ आला आणि कंडक्टरने घंटी ओढली की खिडकीशी बसलेली बाई पिशवी उचलण्याआधी पदर डोक्यावर घेई.