बालन्याय कायदा : अल्पवयीन मुलांचे गुन्हे, शिक्षा आणि सुधारणा

१८ वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पुढं काय करायचं, हे भारतात २०१५ चा बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम ठरवतो. अशा मुलाला कायदा 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो.

विचार तसा जुनाच आहे. मुंबईत १८५७ मध्येच डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा सुरू झाली होती आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदाही आला. देशभरासाठी १९८६ चा कायदा झाला त्यात मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ ही वयोमर्यादा होती, २००० मध्ये दोघांसाठी १८ झाली. मग डिसेंबर २०१२ चं दिल्लीचं निर्भया सामूहिक बलात्कार प्रकरण घडलं, त्यातला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता, त्यामुळे जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह एवढंच होऊ शकत होतं, आणि लोक रस्त्यावर उतरले. या प्रकरणानंतर कायद्यात बदल सुचवायला नेमलेल्या न्या. वर्मा समितीनं २०१३ मध्ये वय कमी करू नका असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेनं नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे.

वय मात्र १८ च राहिलं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बदललं ते एवढंच की १६ ते १८ मधल्या मुलावर 'अतिगंभीर' गुन्ह्याचा आरोप असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा, तर बालन्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, हे बघून मग खटला मोठ्यांसारखा चालवायला बालन्यायालयाकडे (मंडळापेक्षा वेगळं, सत्र न्यायालयाच्या पातळीचं कोर्ट) पाठवायचा की नाही ते ठरतं. माझ्या मते सगळ्या कायद्यातली सगळ्यात नाजूक जागा हीच, कारण घटना होऊन आठवडे उलटलेले असतात आणि त्या दिवशी पोराच्या डोक्यात काय होतं ते आज बोलून ओळखायचं असतं. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं ते फार बरं झालं.

मोठ्यांसारखा खटला चालला तरी २१ वर्षांपर्यंत मूल तुरुंगात जात नाही, 'सुरक्षित स्थान' म्हणतात अशा तुरुंगाबाहेरच्या वेगळ्या संस्थेत राहतं, तिथं शिक्षण-समुपदेशन चालू असतं. २१ ला पुन्हा आढावा होतो, सुधारणा दिसली तर अटींवर सुटका, नाहीतर उरलेली शिक्षा तुरुंगात. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

बाकीच्या मुलांसाठी समज देणं, समाजसेवा, पालकांकडून दंड, परिविक्षा (म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर देखरेखीखाली मोकळं सोडणं), किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे सुधारगृह. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. नियमांप्रमाणे मंडळ उंच व्यासपीठावर बसत नाही, साक्षीदाराचा पिंजरा नसतो, पोलीस साध्या कपड्यात येतात, बेडी घालायची नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांत मंडळापुढं हजर करायचं. परिविक्षा अधिकारी घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल लिहितो, शाळा कधी सुटली, घरात कोण कमावतं, संगत कुणाची, सगळं त्यात येतं. हा अहवाल मनापासून लिहिलेला असेल तरच पोराला नेमकं काय हवंय ते मंडळाला दिसतं.

पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि १७ वर्षांच्या मुलाच्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता म्हणून सगळीकडे संताप उसळला. तो संताप अगदी समजण्यासारखा होता. पोलिसांनी त्याला प्रौढ समजून खटला चालवायची मागणी केली, ती मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. कारण त्याच्यावरच्या सदोष मनुष्यवधाच्या कलमात किमान सात वर्षांची शिक्षा नाही, आणि नुसती कमाल शिक्षा जास्त असून भागत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच ठरवलंय. गाडी हातात देणाऱ्या पालकांसाठी मात्र मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे.