सरावप्रश्न : वैद्यकीय परवाना परीक्षेची तयारी

वैद्यकीय परवाना परीक्षेच्या धर्तीवर रचलेले बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, त्यांची स्पष्टीकरणे वाचायची आणि चुकलेले प्रश्न काही दिवसांनी पुन्हा सोडवायचे, अशी ही अभ्यासपद्धत आहे. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात प्रश्नसाठ्याला 'क्यूबँक', मागच्या वर्षांच्या प्रश्नांना 'पीवायक्यू' आणि पूर्ण लांबीच्या सराव परीक्षेला 'जीटी' म्हणतात.

भारतात शिकून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला नोंदणीसाठी आज वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. इंटर्नशिप पुरी झाली की राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी होते. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सर्वांसाठी 'नेक्स्ट' या समान परीक्षेची तरतूद आहे, पण ती अजून प्रत्यक्षात आलेली नाही. परवाना परीक्षा हे शब्द आज लागू पडतात ते परदेशातून पदवी घेऊन परतलेल्यांच्या एफएमजीई या परीक्षेला. २००२पासून चालत आलेली ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटे. उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काहीच हशील नाही. नीट पीजी ही पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची प्रवेश परीक्षा असली तरी तिची तयारी याच प्रश्नपेढ्यांवर होते. तिथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक जातो, म्हणून अंदाज बांधायची सवयही वेगळी लावावी लागते.

पुण्यात हा अभ्यास जागा मिळेल तिथे चालतो. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे इंटर्न ससूनमधली ड्यूटी सांभाळून मोबाइलवर प्रश्न सोडवतात. परदेशातून परतलेले विद्यार्थी सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीवाल्यांच्या शेजारी बसलेले दिसतात.

चांगला प्रश्न कसा बांधलेला असतो हे एका नमुन्यावरून कळते. सिंहगड रस्त्यावर राहणारा ३४ वर्षांचा माणूस. दहा दिवसांपूर्वी जुलाब होऊन गेले. आता पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, दोन दिवसांत अशक्तपणा मांड्यांपर्यंत आला आहे. गुडघ्याचे आणि घोट्याचे रिफ्लेक्स मिळत नाहीत. पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पेशी मात्र सामान्य. उपचार कोणता? पर्याय : शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, मिथाइलप्रेडनिसोलोन, पायरिडोस्टिग्मीन, अॅसायक्लोव्हिर.

निदान पुणेकराला सांगायला नको. जानेवारी २०२५मध्ये याच भागात गुलियन बॅरे सिंड्रोम ऊर्फ जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. उत्तर इम्युनोग्लोब्युलिन. पण प्रश्नाचा कस दुसऱ्या पर्यायात, म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमध्ये आहे. हा आजार प्रतिकारशक्तीच्या गडबडीचा, मग स्टेरॉइड चालेल असे वाटते आणि हात तिकडे जातो. जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. त्याच घराण्यातल्या, पण महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या सीआयडीपी या आजारात होतो. पायरिडोस्टिग्मीन हे स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनियाचे औषध, आणि त्या आजारात रिफ्लेक्स सहसा शाबूत असतात. म्हणजे चार पर्याय नीट वाचले तर एका प्रश्नात तीन आजार उजळून निघतात. शिवाय पहिल्या आठवड्यात पाठीतले पाणी सामान्य असू शकते. एवढा एक तपशील बदलून परीक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारू शकतो. नुसते 'अ बरोबर' म्हणून पुढे गेलेल्याच्या पदरात यातले काहीच पडत नाही.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. पुन्हा वाचताना सगळे येतेय असे वाटते, आणि घात होतो तो तिथेच.

रोजच्या सरावाचे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक उत्तरानंतर लगेच स्पष्टीकरण दिसते; दुसऱ्यात चाळीस-पन्नास प्रश्नांचा गठ्ठा घड्याळ लावून सोडवायचा आणि मग तपासायचा. नवा विषय शिकताना पहिला ठीक, पण परीक्षा जवळ आल्यावरही त्यालाच चिकटून राहणे म्हणजे स्वतःचे लाड आहेत. नीट पीजीत २०२४पासून चाळीस प्रश्नांचे वेळबद्ध विभाग आले आणि संपलेल्या विभागात परत जाता येत नाही, त्यामुळे गठ्ठ्याने सोडवण्याला आता पर्याय उरलेला नाही. तपासताना चूक कुठली हेही लिहून ठेवतात : माहितीच नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, की प्रश्नातला 'वगळता' हा शब्दच नजरेतून सुटला. तिसऱ्या प्रकारावर आणखी वाचन हा उपाय नव्हे.

परीक्षेनंतर आठवणीतून जमवलेले 'रिकॉल' प्रश्न फिरतात. परीक्षार्थीने प्रश्न उघड न करण्याची अट मान्य केलेली असते, तेव्हा हा प्रकार नियमाबाहेरचा. आणि अर्धवट आठवलेल्या प्रश्नाला कुणीतरी चिकटवलेले उत्तर कितपत खरे, याला धरबंध नसतो. प्रश्नपेढीतच तोच प्रश्न तिसऱ्यांदा सोडवून मिळालेले ऐंशी टक्केही फसवे असतात, कारण तोवर प्रश्नाचा चेहरा ओळखीचा झालेला असतो.

छापील संचांचे दुखणे निराळे. अप्पा बळवंत चौकात जुन्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात आणि शरीररचनाशास्त्रासाठी त्या चालूनही जातात. कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाचे तसे नाही. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज ऊर्फ माकडतापाचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), १९५७मध्ये शोधला, तो गोचिडीमार्फत पसरतो, हे बदलणारे नाही. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र आठवड्यातून तीनदा द्यायची औषधे २०१७मध्ये देशभर रोजची झाली आणि २०२०मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलले. जुन्या संचात दिलेले 'बरोबर' उत्तर आज चुकीचे ठरते, म्हणून या विषयापुरता तरी चालू आवृत्तीचाच संच घेतात.