ख्रिस्ती प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण (ठाणे व नवी मुंबई)

ख्रिस्ती धर्मसंस्थांनी चालवलेल्या शाळांत पहिलीपासून चौथी-पाचवीपर्यंतच्या मुलांना श्रद्धा, प्रार्थना आणि नीती यांविषयी जे शिकवले जाते, त्याला ढोबळपणे धर्मशिक्षण म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन तास चालतात : ख्रिस्ती मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या पाठांचा, आणि बाकीच्यांचा मॉरल सायन्सचा, म्हणजे नीतिपाठाचा. वेळापत्रकात दोघांचा रकाना एकच, घंटाही एकच. ती वाजली की तिसरीच्या वर्गातली पाच-सात मुले वही-पेन्सिल घेऊन उठतात, दाराशी रांग करतात आणि दुसऱ्या तुकडीतल्या तशाच पाच-सात जणांबरोबर ग्रंथालयात किंवा एखाद्या रिकाम्या वर्गात जाऊन बसतात. मागे उरलेल्या वर्गाला टीचर ‘प्रामाणिकपणा’चा धडा उघडायला सांगतात. शाळा ख्रिस्ती आणि वर्गाबाहेर जायचे ते ख्रिस्ती मुलांनीच, हे नव्या माणसाला चमत्कारिक वाटते. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. कॉन्व्हेंटच्या बाकांवर बहुतेक मुले इतर धर्मांच्या घरांतली असणार, हे त्यातच आले.

‘धर्मशिक्षण’ हा भारदस्त शब्द शाळेत सहसा कोणी उच्चारत नाही. कॅथलिक मुले ‘कॅटेकिझम’ म्हणतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारी ‘शब्बाथ शाळा’ भरते. गोवा-मंगळूरकडून आलेल्या घरांत आजी अजून ‘दोतोर्न’ म्हणते. पोर्तुगीज ‘दौत्रिना’चा हा कोंकणी अवतार. फादर थॉमस स्टीफन्स यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये गोव्यात रायतूरला छापली गेली, तिच्या नावातही हाच शब्द आहे. नवी मुंबईतल्या मल्याळी सिरो-मलबार (केरळातल्या स्वतंत्र उपासनापद्धतीच्या कॅथलिक) कुटुंबांत तेच शिक्षण ‘वेदपाठम्’ होते. शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा रविवारी सकाळी वेदपाठाला जातो, हे ऐकून मराठी शेजाऱ्याची एकदा तरी फसगत व्हायचीच.

पूर्वपीठिका

ठाण्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध इथल्या शाळांहून कितीतरी जुना आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले आणि ‘ठाण्याचे हुतात्मे’ म्हणून कॅथलिक इतिहासात त्यांची नोंद झाली. ते चीनच्या वाटेवर होते, इथे शिकवायला थांबलेले नव्हते. त्यामुळे शाळेच्या कथेत त्यांना फारशी जागा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमल आला आणि चर्चला जोडून पाठशाळा आल्या. धर्माची प्रश्नोत्तरे घोकणे, थोडे वाचन आणि बरेचसे गायन असा तिथला अभ्यास असे. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च मुळात त्याच काळातले, आणि आज त्याच्या आवारात त्याच नावाची शाळा आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण २४ जूनला येतो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे चर्चच्या आश्रयदात्या संताचा सण नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात, भर पावसात.

१७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज पाद्री गेले, इथले धर्मगुरू आणि मराठी बोलणारे इथले ख्रिस्ती राहिले. त्यांच्याच वंशजांनी पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

आजच्या अनुदानित कॉन्व्हेंटचा पाया मात्र एका सरकारी कागदात आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्याने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, ठरवले की सरकारी शाळांतले शिक्षण लौकिकच राहील; खासगी शाळेला अनुदान देताना सरकार तिथल्या लौकिक शिक्षणाचा दर्जा तपासील आणि धर्मशिक्षणाकडे डोळेझाक करील. मिशनऱ्यांना पैसा मिळाला, सरकारला तटस्थता मिळाली. इन्स्पेक्टर गणित तपासून गेला की बायबल पुन्हा टेबलावर, अशी ही सोयीची तडजोड होती.

नवी मुंबईचा इतिहास त्या मानाने कालपरवाचा. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि वाशी, नेरुळ, कोपरखैरणे वसत गेले तशा इथे ख्रिस्ती शाळा आल्या. वाशीच्या फादर ॲग्नेल शाळेला ज्यांचे नाव आहे ते ॲग्नेल डिसोझा (१८६९–१९२७) गोव्यातल्या पिलार मठाचे धर्मगुरू होते. इथल्या कॅथलिकांत मराठी, कोंकणी, मल्याळी, तमिळ असे सगळेच. लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या पद्धतीने उपासना करणारे, लोक मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतात, तर सिरो-मलबार कुटुंबांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. परिणामी एकाच बाकावरची दोन कॅथलिक मुले रविवारी दोन वेगळ्या वेदींसमोर बसतात आणि सोमवारी शाळेत त्यांना एकच कॅटेकिझम मिळतो.

तासाला काय होते

कॅथलिक शिकवणीचे चार खांब ठरलेले आहेत : श्रद्धेचा अंगीकार, सात संस्कार, दहा आज्ञा आणि ‘आमच्या पित्या’ ही प्रार्थना. प्राथमिक वर्गांत यातले थोडेच पेलते. पहिली-दुसरीत क्रूसाची खूण, छोट्या प्रार्थना आणि गोष्टी. नोहाचे तारू रंगवण्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. खरा अभ्यास सुरू होतो तो पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर संस्काराच्या तयारीने. पूर्वी हा संस्कार बराच उशिरा, बारा-चौदा वर्षांच्या वयात होई. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी हुकूम काढून वयाची अट सातव्या वर्षाच्या आसपास आणली, आणि एका फटक्यात हा विषय प्राथमिक शाळेच्या पदरात पडला. त्या एका निर्णयाने कॅटेकिझमचे जेवढे स्वरूप बदलले तेवढे पुढच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने बदलले नसावे.

आपल्याकडे ही तयारी बहुधा तिसरी-चौथीच्या सुमारास होते, आणि तिचा मोठा भाग आता चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेनंतरच्या (कॅथलिक उपासनेनंतरच्या) वर्गात चालतो. शाळेतला तास त्याला जोड देतो. आधी कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देणे, शिकवतात. आठ वर्षांच्या मुलाला पाप म्हणजे काय हे समजावणे सोपे नाही. मुले पापांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणतात : भावाला चिमटा काढला, गृहपाठ झाला नसताना झाला म्हणालो, आईला उलट बोललो. एकाचे पाहून दुसराही तीच यादी उतरवतो, ही गोष्ट कॅटेकिझम घेणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिलेली असते. मग कम्युनियनची पातळ पापडीसारखी भाकर, म्हणजे होस्ट, अभिमंत्रित न करताच देऊन ती चावायची कशी, गिळायची कशी याची तालीम. ती टाळूला चिकटते, कोणीतरी बोट घालून काढतो, सगळे हसतात, सिस्टर डोळे वटारतात.

इकडे मॉरल सायन्सच्या तासाला देव क्वचितच येतो. सत्य, शिस्त, वडीलधाऱ्यांचा मान, पर्यावरण, अपंगांविषयी आस्था असे धडे, प्रत्येकाखाली रिकाम्या जागा भरा. सरकारी परिपाठातले सुविचार आणि बोधकथा याहून फार निराळ्या नसतात. गोष्टी मात्र पुष्कळदा त्याच असतात, आणि दोन तासांतला फरक तिथेच उघडा पडतो. उधळ्या मुलाची गोष्ट घ्या. वाटणी मागून घर सोडलेला धाकटा भाऊ सगळे उडवून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो. कॅटेकिझममध्ये तो बाप म्हणजे देव, आणि पश्चात्ताप केला की तो वाट पाहत उभा असतो. मॉरल सायन्समध्ये बाप हा बापच. तात्पर्य, क्षमा करावी आणि पैसे उधळू नयेत. दोन्हीकडे वर्गाचा कौल मात्र एकच पडतो : घरी राहून इमाने शेतात राबलेल्या थोरल्या भावाला काहीच मिळाले नाही, हा अन्याय आहे. यावर टीचर जे काही सांगतील ते मुलांना फारसे पटत नाही, आणि माझ्या मते ते पटू नये असेच त्या गोष्टीचे बेत आहेत.

तासापेक्षा जास्त शिकवते ती शाळेची दिनचर्या. मुंबईकडच्या कॉन्व्हेंटांत डायरीला ‘कॅलेंडर’ म्हणतात. त्याच्या पहिल्या पानांवर शाळा सुरू होतानाची, डब्याआधीची आणि सुटतानाची प्रार्थना छापलेली असते. डिसेंबरात वेदीजवळ हिरव्या पानांचे कडे आणि त्यात चार मेणबत्त्या : तीन जांभळ्या, एक गुलाबी. येशूजन्माचा गोठा करताना कापूस, माती, गवत आणायचे काम साऱ्या वर्गाचे. उंट कोणी ठेवायचा यावर भांडण होते आणि त्यात धर्म येत नाही. भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, काही मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसतो. बाजूचा मुलगा विचारतो, ‘हा अंगारा कुठला?’ असे विचारणारे नौपाड्यातले मूल सकाळी शाळेत क्रूसाची खूण करून डबा उघडते आणि संध्याकाळी घरी देवापुढे ‘शुभं करोति’ म्हणते. त्याला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. ती पुढे मोठी माणसे दाखवून देतात.

कायदा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद २८ ने धर्मशिक्षणाला मर्यादा घातली आहे. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत ते देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत देता येते, पण संमतीविना कोणालाही त्यात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे विनाअनुदानित कॉन्व्हेंटही यातून सुटत नाही, कारण मान्यता तिलाही घ्यावी लागते. हा मुद्दा पालक आणि संस्थाचालक दोघेही विसरतात. धर्मांविषयी माहिती देणे वेगळे आणि धर्मशिक्षण देणे वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केले. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात म्हटले. ती शाळा ख्रिस्ती नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखे. २०१४ च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या. याचा धर्मशिक्षणाशी काही संबंध नाही, पण शाळेच्या फाटकाबाहेर धर्माच्या सक्तीची आणि हा कायदा न लागण्याची अशा दोन्ही तक्रारी एकाच दमात ऐकू येतात.

चर्चची स्वतःची भूमिकाही सरकत गेली. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक आणि इतर धर्मांशी नात्याविषयी दुसरे, असे दोन जाहीरनामे काढले. इथल्या कॉन्व्हेंटची सारी कसरत या दोन कागदांच्या मधल्या जागेत चालते. एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या : रोज घटनेची उद्देशिका वाचावी, शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत. महाराष्ट्रात उद्देशिकेचे वाचन शासनानेच जानेवारी २०२० पासून सुरू केले होते, त्यामुळे या बाबतीत इथे नवे काही करायला नव्हते.

तक्रारी आणि भाषा

इतर धर्मीय पालकांना शाळेत ख्रिस्तीपणा जास्त वाटतो, तर ख्रिस्ती पालकांना तो पुरेसा वाटत नाही. दुसरी तक्रार कमी ऐकू येते, पण तिच्यात जास्त तथ्य आहे. कॅटेकिझमचा तास आठवड्यात एखाद-दोनदा असतो. स्नेहसंमेलनाच्या तालमी लागल्या की सर्वांत आधी तोच कापला जातो. शिकवायला ख्रिस्ती शिक्षिका हवी, आणि ती दरवर्षी मिळेलच असे नाही. तुकड्या-तुकड्यांतून गोळा केलेली दुसरी, तिसरी, चौथीची मुले मग एकत्र बसतात आणि नोहाचे तारू चौथीतही रंगवावे लागते.

सर्वांत मोठी गळती भाषेत होते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण कॅटेकिझम इंग्रजीतच राहिला. चर्चमध्ये मराठी मिस्सा असते, तरी मुलांची मिस्सा बहुधा इंग्रजीत. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. ठाण्यातल्या ईस्ट इंडियन घरात संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आजी मणी ओढत मराठीत सुरुवात करते, घरातले उत्तर देतात. चौथीतल्या नातवाला तीच प्रार्थना शाळेच्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावरची इंग्रजीत तोंडपाठ आहे. मराठीत तो नुसते ओठ हलवतो, आणि ‘आमेन’ला मात्र सगळ्यांच्या आधी पोचतो.