ज्याचा पत्ता कट झाला तोच हिरो: फसलेल्या प्रेमाच्या कॉमेडीची जुनी गोष्ट

परवा नाशिकच्या कॉलेज रोडला चहा पिताना एक मित्र ठासून म्हणाला की ही ब्रेकअपवर हसायची फॅशन आपण इंग्लिश पिक्चरवरून उचलली, आपल्याकडे प्रेमभंग म्हणजे दाढी वाढवायची आणि गंगेवर जाऊन एकटं बसायचं. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं त्याच गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या काठावर सापडतं.

गाथासप्तशती नावाचा सुमारे सातशे गाथांचा संग्रह आहे, महाराष्ट्री प्राकृतातला, परंपरेने हाल सातवाहनाच्या नावावर असलेला. त्यात गोदावरी वारंवार येते आणि बऱ्याच गाथा बायकांच्या तोंडी आहेत, नवरा परदेशी गेलाय, प्रियकर दुसरीकडे रमलाय, रात्रभर वाट बघून हा आलाच नाही, असलं सगळं. एका प्रसिद्ध गाथेत एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते की तुम्ही आता बिनधास्त फिरा, तुम्हाला त्रास देणारा तो कुत्रा गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने मारला. वरवर दिलासा, आतून मेसेज असा की बाबा तू इकडे फिरकू नकोस, ही आमची भेटायची जागा आहे. हिला मी तरी कॉमेडीच म्हणेन. पांडवलेण्यात त्याच सातवाहनांचे शिलालेख आहेत, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख तिथलाच, आणि आपण तिथे जाऊन सेल्फी काढून खाली उतरतो.

खाली उतरलं की फाळके स्मारक. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये बस्तान नाशिकला हलवून आले आणि इथे त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. कमलाबाई गोखले त्यात मोहिनी झाल्या (विक्रम गोखल्यांची आजी), आई दुर्गाबाई कामत पार्वती, आणि पडद्यावर बायकांची कामं बायकांनीच करायला तिथून सुरुवात झाली. गोष्ट बघा ना, मोहिनीवर भाळलेला असुर तिच्यासारखं नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो आणि भस्म होतो. पौराणिक आहे मान्य, पण एकतर्फी प्रेमात माणूस स्वतःच्या हाताने स्वतःची कशी वाट लावतो याचं इतकं शॉर्टकट व्हर्जन दुसरं नाही.

मधल्या काळात मात्र एक घोळ झाला. ज्याला पोरगी मिळत नाही त्याला आपण कडेला ढकलला. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचं लफडं जमवून देतो आणि स्वतः मोदकावर खूश. मराठी रंगभूमीवरही नाकारलेल्या माणसावर हसायचं ते त्याची जिरवायला, देवलांच्या ‘शारदे’त १८९९ साली म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघतो आणि त्याची फजिती होते, तिथे हसणं म्हणजे जरठ-बाला विवाहाला मारलेली चपराक होती. ‘संशयकल्लोळ’ १९१६ चं, मूळ धागा फ्रेंच नाटककार मोलिएरचा, मधे इंग्रजीतून फिरून आलेला. म्हंजे बाहेरून उचलणं काही नवीन नाहीये, फक्त उचललेलं इतकं घरचं झालं की त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव आपल्याच गल्लीतला वाटतो. प्रेमाचे सगळे रंग खेळीमेळीत दाखवणारे वसंत कानेटकर तर आपल्या कॉलेज रोडच्याच एचपीटी कॉलेजात शिकवायचे, तेव्हा कॉलेज रोडचा या विषयावरचा हक्क जुना आहे, आज कट्ट्यावर बसणाऱ्यांनी फुकटचं क्रेडिट घेऊ नये.

तिकडे इंग्लिश पिक्चरमध्ये काय चाललं होतं? चॅप्लिनने १९२८ च्या ‘द सर्कस’मध्ये स्वतः पुढाकार घेऊन आवडत्या मुलीचं दुसऱ्याशी लग्न लावून दिलं आणि सर्कस निघून गेल्यावर रिकाम्या मैदानात एकटा उरला. हे तेव्हा अपवाद होतं. पुढे १९३४ पासून हॉलिवूडमध्ये सेन्सॉरची नियमावली कडक झाली, मग जोडपी पडद्यावर नुसती भांडायची, घटस्फोट घेऊन परत त्याच माणसाशी लग्न करायची, शेवट गोडच. मला वाटतं खरा फरक पडला तो कायद्याने. कॅलिफोर्नियात १९७० पासून कुणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळायला लागला, नातं कुणी व्हिलन नसतानाही संपू शकतं हे कागदावर आलं, आणि १९७७ ला ‘ॲनी हॉल’ आला ज्यात दोघंही बऱ्यापैकी चांगली आहेत, तरी जमत नाही, बस. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तेही ‘स्टार वॉर्स’ समोर असताना. २००९ चा ‘५०० डेज ऑफ समर’ तर सुरुवातीलाच सांगून टाकतो की ही लव्ह स्टोरी नाही, तरी आपण आशेने बघत बसतो ते वेगळं.

हिंदीत हा कडेचा मित्र मधोमध यायला वेळ लागला. सई परांजप्यांच्या ‘कथा’मध्ये १९८३ साली चाळीतला साधाभोळा राजाराम मनातल्या मनात झुरतो, तरी शेवटी पोरगी त्याच्याकडे येते (मूळ मराठी नाटक ससा-कासवाचं, तेव्हा कासव जिंकणारच). १९९४ च्या ‘कभी हां कभी ना’ने ती सवलतही काढून घेतली. सुनील खोटं बोलतो, मित्रांना फसवतो, परीक्षेत नापास होतो आणि शेवटी तिच्या लग्नात पाहुणा म्हणून उभा. शाहरुख हरलेला बघायची लोकांना पुढे सवयच राहिली नाही.

मराठीत गाडी सुसाट सुटली ती २०१० नंतर. कारण सरळ आहे, आधी ‘रिलेशनशिप’ ही वेगळी वस्तूच नव्हती, कांदेपोह्यात जमलं नाही तर ‘योग नव्हता’ म्हणायचे आणि विषय संपला. २०१४ च्या ‘टाइमपास’मध्ये अडथळा अजून जुनाच, बाप आणि घराण्याची ऐट. २०१७ च्या जानेवारीत ‘ती सध्या काय करते’ आला तेव्हा अडथळा तिचा बाप नव्हता, पोराचं स्वतःचं वागणं होतं, आणि नावावरून व्हॉट्सॲपवर इतके जोक फिरले की पिक्चर न बघितलेल्यांनाही तो पाठ झाला. माझी तक्रार एवढीच की गाथेत बाई स्वतः बोलत होती आणि इथे दोन हजार वर्षांनी तिच्याबद्दल तिसराच कुणीतरी विचारतोय.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘मुरांबा’ आला आणि माझ्या मते अस्सल आपला प्रकार तो. इंग्लिश पिक्चरमधला पोरगा ब्रेकअप झालं की मित्रांबरोबर बारमध्ये जातो, इथला आलोक घरी येऊन आईबाबांना सांगतो, आणि मग त्याचं आणि इंदूचं का फिस्कटलं यावर अख्खं घर दिवसभर चर्चा करतं.